वरच्या ओठावर बोलायचं नाही

समस्त दाढीवाल्यांना, बिनदाढीवाल्यांना आणि ज्यांना अजून फुटायची आहे अशा सर्व होतकरूंना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की या जगातल्या रेझरांचे दोनच पक्ष आहेत. एक मवाळ आणि दुसरा जहाल. तिसरा पक्ष नाही. माझ्या दुकानात दोरीला लटकलेली, दोनदा वापरून फेकायची जी रंगीत प्लास्टिकची खेळणी आहेत, त्यांना पक्ष म्हणत नाहीत. ती सभेला जमलेली गर्दी.

ही घोषणा माझी नव्हे, भाऊंची. श्रीवर्धनच्या बाजारात माझं किराणा-कटलरीचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर उभं राहून, उजव्या हाताची तर्जनी स्वतःच्या गालावर तिरकी टेकवून भाऊ ती करायचे. त्या तिरक्या बोटात त्यांचं सगळं तत्त्वज्ञान होतं. गिऱ्हाईक साखर मागायला आलेलं असो की सुतळी, त्याला ते बोट बघितल्याशिवाय सुटका नव्हती.

भाऊ शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. घराभोवती पोफळींची वाडी, ओटीवर झोपाळा आणि झोपाळ्यावर वडील. वडिलांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. अण्णा नव्वदीच्या पलीकडचे, तरुणपणी बोटीवर खलाशी होते. घरात तिसरं माणूस म्हणजे वहिनी, भाऊंची बायको. या दोन पुरुषांकडे पाहून त्या रोज एकदा तरी कपाळावर हात मारून घ्यायच्या.

भाऊंच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. एक मिशी. शाळेतल्या पोरांनी फळ्यावर नुसती ती मिशी काढली तरी खाली नाव लिहायची गरज पडत नसे. साठी उलटली तरी ती काळीभोर होती. भाऊ रंगांचे जाणकार होते, यापलीकडे मी त्याबद्दल काही बोलणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मिशी सोडून उरलेला चेहरा. त्यावर माशी बसली तर घसरावी. आणि या गुळगुळीतपणाचं सगळं श्रेय मगरीला.

मगर म्हणजे रेझर. अण्णांनी बोटीवर असताना कुठल्याशा बंदरात घेतलेला. पितळी, अडकित्त्यासारखा जड, वरचा मुलामा झिजून गेलेला. पात्याखाली दोन्ही बाजूंना दातांची ओळ, म्हणून मगर. मवाळ रेझरमध्ये पातं दाराआडून बघणाऱ्या नव्या सुनेसारखं असतं, जेमतेम कड दिसते. मगरीत ते उंबरठा ओलांडून, पदर खोचून, अंगणात येऊन उभं. ते "या, बसा" म्हणत नाही. "काय काम हाय?" असं विचारतं.

एकदा मी तो हौसेने मागितला. "आधी शिका," भाऊ म्हणाले. "त्यात शिकायचं काय? मिसरूड फुटल्यापासून दाढी करतोय," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो तेव्हा माझ्या गालांवर रायगड जिल्ह्याचा नकाशा होता, सगळ्या खाड्यांसकट. भाऊंनी चष्मा वर करून बारकाईने पाहणी केली.

"ही राजपुरीची खाडी," माझ्या हनुवटीखाली बोट दाखवत ते म्हणाले. "इथे तुम्ही दाबलंत, शेट."

मग त्यांच्या ओटीवर माझी शिकवणी लागली.

"दाबायचं नाही," हे पहिलं सूत्र. "मगरीला स्वतःचं वजन आहे. तुम्ही फक्त तिला वाट दाखवा." आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. मग ब्रशने फेस, लग्नातल्या श्रीखंडाइतका घट्ट. मग रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवायचं, मूठ हळूहळू खाली आणायची, आणि जिथे 'खर्र' असा पहिला आवाज येईल तिथे थांबायचं. तोच कोन. "डोळ्यांनी दाढी करतात ते नवशिके. दाढी कानांनी करायची." डाव्या हाताने कातडी ताणायची, छोटे छोटे हात मारायचे. आधी केसांच्या दिशेने, पुन्हा फेस, मग आडवं. उलट्या दिशेने? "ते ज्याने विमा उतरवलाय त्याने करावं."

एका पुठ्ठ्यामागे त्यांनी माझ्या चेहऱ्याचा नकाशा काढून दिला. त्यावर केस कुठून कुठे वाढतात त्याचे बाण, हवामानाच्या नकाशात वाऱ्याचे असतात तसे. गळ्याशी बाण गोल फिरत होते. "इथे तुमच्याकडे भोवरा आहे," भाऊ म्हणाले. "होडी जपून घाला."

आणि शेवटचं सूत्र ते गाभाऱ्यात उभं असल्यासारखा आवाज खाली आणून सांगायचे. "वरच्या ओठावर बोलायचं नाही. गालावर गप्पा मारा, हनुवटीवर गाणं म्हणा. पण मगर वरच्या ओठावर आली की मौन."

पातं निवडणं हे तर वेगळंच शास्त्र. भाऊ माझ्या दुकानात येऊन ब्लेडची पाकिटं काउंटरवर मांडून बसायचे. मागे रांग खोळंबायची.

"भाऊ, एक उचला हो," मी म्हणायचो.

"शेट, मुलीचं लग्न ठरवताना असंच म्हणाल? उचला एक?" भाऊ मान वर न करता म्हणायचे. "रेझर आणि पातं यांची पत्रिका जुळावी लागते. मवाळ रेझरला तिखट पातं द्या, संसार चालतो. जहालाला तिखट दिलंत तर घरात रोज रक्त. मगरीला सोशिक पातं हवं. पण बोथट नको. बोथट पातं केस कापत नाही, उपटतं."

नवं पातं ते ओल्या सुपारीच्या सालीतून एकदा हलकेच ओढून घ्यायचे. का, तर पहिल्या दिवसाचा माज उतरतो. खरंच उतरतो की नाही ते पात्यालाच ठाऊक. नव्या जातीचं पातं आलं की ते आधी स्वतःच्या गालावर चालवायचे, वरून तुरटी फिरवायचे, आणि जरा जरी झोंबलं तरी ते पाकीट मला परत. कारण तीच जात पुढे अण्णांच्या गालाला लागायची होती.

अण्णांचे हात थरथरायला लागल्यापासून त्यांची दाढी भाऊच करत. रोज सकाळी, झोपाळ्यावर, याच मगरीने. वहिनी म्हणायच्या, "अहो, त्यांची कातडी कागदासारखी झालीय. ते बॅटरीवालं मशीन तरी आणा."

"मशीन गवताला," अण्णा आतून ओरडायचे. "मी काय बांध हाय?"

दाढी झाली की अण्णा हाताची मागची बाजू गालावरून उलटी फिरवून बघायचे. जरा काही लागलं की म्हणायचे, "खरखर हाय." काहीच लागलं नाही की म्हणायचे, "जा." हा 'जा' म्हणजे पदक. भाऊ तो छातीवर लावून दिवसभर मिरवायचे.

आता तो भयंकर प्रसंग. मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे, म्हणून सांगतो.

सकाळची वेळ. अण्णा आत आंघोळीला गेलेले. ओटीच्या खांबाला टांगलेल्या आरशापुढे भाऊ, आणि शेजारी विद्यार्थी म्हणून मी. भाऊंचे गाल झाले, हनुवटी झाली. मिशीची वरची कड कोरायची राहिली होती. त्यांनी ओठ दातांवर ताणला, मगर कडेला टेकवली. आणि भाऊंमधला मास्तर जागा झाला.

"वरच्या ओठावर," भाऊ म्हणाले, "बोलायचं ना..."

खर्र.

फेसात काळं काहीतरी तरंगत होतं. डावी मिशी.

आम्ही दोघांनी आरशात पाहिलं. आरशात उजवीकडे मुख्याध्यापक दिसत होते आणि डावीकडे नोकरीच्या शोधात आलेला कोणीतरी उमेदवार. वहिनी चहा घेऊन आल्या, पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून तशाच आत गेल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. उरलेली मिशी काढण्यावाचून इलाज नव्हता. ती भाऊंनी काढली.

हल्लीच्या पोरांनी मिशी ठेवली काय, काढली काय, आमच्याकडे कोणी विचारत नाही. पण भाऊंच्या वयाचा, जन्मभर मिशी मिरवलेला माणूस एका सकाळी कोऱ्या ओठाने बाजारात दिसला, तर त्याचा अर्थ एकच होतो. त्याचे वडील गेले.

हे भाऊंच्या डोक्यात आलंच नाही. वहिनींनी कापूर-उदबत्ती संपल्याचं सांगितलं, तसे ते खांद्यावर पांढरा पंचा टाकून, मान खाली घालून माझ्या मागोमाग दुकानात आले. म्हणजे बघा : कोरा ओठ, पांढरा पंचा, खाली मान, आणि हातात कापूर-उदबत्ती. पायरीवर उभी होती आक्का.

आक्का म्हणजे भाऊंच्या शेजारची म्हातारी. भाऊंना तिने लहानपणी कडेवर खेळवलेलं आणि तो हक्क अजून सोडलेला नव्हता. एरवी आक्का रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसालासुद्धा तीन प्रश्न विचारते. पण त्या दिवशी तिने काही विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतं. तिने भाऊंच्या ओठाकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि साखर न घेताच निघाली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा मी दुकान तसंच टाकून धावलो. पण आक्काचे गुडघे त्या दिवशी माझ्या गुडघ्यांपेक्षा तरुण होते. तिने आधीच सगळ्या आळीला कळवलं होतं.

मी पोचलो तेव्हा ओटी भरत आली होती. अण्णा आंघोळ करून झोपाळ्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. येणारा प्रत्येक जण चपला काढून वर चढायचा, झोपाळ्याकडे बघून दचकायचा. पण समाचाराला आलेल्या माणसाने तसंच परत कसं फिरायचं? म्हणून मान खाली घालून भिंतीशी बसायचा. अण्णांची नजर अधू. एवढी माणसं गप्प बसलेली पाहून त्यांना वाटलं, गावातलं कोणी मोठं माणूस गेलं. त्यांनीही रीत म्हणून बशी खाली ठेवली, मान खाली घातली. थोड्या वेळाने शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेला रे?"

शेजारच्याने घाईघाईने बशी परत त्यांच्या हातात दिली.

तेवढ्यात फाटकातून आक्का हंबरडा फोडत आली. डोळ्यांना पदर, समोरचं काही दिसत नव्हतं.

"अण्णाऽऽ, न सांगता कसे वो गेलात!"

"कुठं गेलो?" अण्णा म्हणाले. "चहा पितोय."

आक्काचा पदर खाली आला, तोंड उघडंच राहिलं. नेमके त्याच वेळी भाऊ कापूर घेऊन फाटकात. सगळी ओटी भाऊंच्या ओठाकडे वळली. भाऊंनी गर्दी पाहिली, आक्का पाहिली, आणि सगळं उमजून हाताने ओठ झाकला.

"हात घसरला," ते पुटपुटले.

"हात घसरला?" आक्का कडाडली. "आणि माझा जीव घसरला असता म्हणजे रे, मेल्या?"

अण्णा इतके हसले की झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. लोक म्हणाले, असं झालं की माणसाचं आयुष्य वाढतं. वहिनींनी समाचाराला आलेल्या सगळ्यांना चहा केला. आक्काने मात्र तो रागारागाने, भाऊंकडे पाठ करून प्यायला.

संध्याकाळी मी पुन्हा डोकावलो, मजा कितपत उरलीय ते बघायला. तर अण्णांनी भाऊंना समोर बसवलेलं.

"मिशी वाढव," अण्णा म्हणाले.

"वाढेल हो. घाई काय आहे?"

"तुला न्हाय, मला हाय. मी आता गेलो तर तू काढशील काय? ब्रशाचे केस?"

भाऊ हसले. अण्णा हसले नाहीत. झोपाळा पायाने थांबवून त्यांनी सांगितलं, की त्यांचे वडील गेले तेव्हा ते बोटीवर होते. कुठल्याशा बंदरात तार मिळाली. तेव्हा खोलीत एकट्याने बसून त्यांनी याच मगरीने मिशी काढली.

"बोटीवर सगळे परमुलखातले," अण्णा म्हणाले. "एकानं विचारलं न्हाय. उलट म्हणाले, झकास दिसतोस. बाप मेला माझा, नि लोक म्हणाले झकास दिसतोस." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या वेळी गावाला दिसलं पायजे. आक्का रडली ना आज, तशी."

त्या दिवसापासून आमच्या गावात पावसापाण्याच्या बरोबरीने भाऊंच्या मिशीची चौकशी सुरू झाली. मिशी आली ती पांढरी, आणि विरळ. अण्णा रोज दाढी झाली की भाऊंच्या ओठावरून बोट फिरवून म्हणायचे, "न्हाय अजून." भाऊंनी एरंडेल चोळलं. कांद्याचा रस लावला. वहिनींनी त्यांना जेवताना लांब बसायला सांगितलं. आणि एक दिवस तर हा जहाल पक्षाचा पुढारी माझ्या काउंटरवर वाकला, आजूबाजूला कोणी नाही ना पाहिलं आणि कुजबुजला, "ते... दोरीवरचं. एक द्या."

"प्लास्टिकचं?" मी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"हळू बोला हो! फक्त मिशीच्या कडेपुरतं. तिथे मगर न्यायला आता धीर होत नाही."

भर पावसात अण्णांनी अंथरूण धरलं. ताप उतरेना, डॉक्टर दोन वेळा येऊन जायचे. गावाने भाऊंच्या ओठाकडे पाहिलं : मिशी अर्धीमुर्धी. गावाचं एकमत झालं, अण्णा इतक्यात जात नाहीत. आणि खरंच, एका सकाळी अण्णांनी चाचपडत भाऊंच्या ओठावरून बोट फिरवलं, "न्हाय अजून" म्हणाले आणि पेज मागितली.

त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात वहिनी भाऊंना हळूच म्हणाल्या, "अहो, सावकाशच वाढवा की."

भाऊंनी ते ऐकलं. नको इतकं ऐकलं. मगर पुन्हा वरच्या ओठावर जाऊ लागली. इकडून जरा, तिकडून जरा. दिवाळी आली तरी मिशी आपली तेवढीच. मला दुकानात शंका यायची. अण्णा मात्र जन्मभर मगर वापरलेला माणूस. एक दिवस त्यांचं बोट भाऊंच्या ओठावर थांबलं.

"खरखर हाय," ते म्हणाले. "कापतोस काय रे?"

भाऊ ब्रश पुसत राहिले. मान वर करेनात. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाबायचं न्हाय रे," अण्णा म्हणाले. "आपल्या वजनानं येऊ दे."

त्यानंतर भाऊंनी मिशीला हात लावला नाही. ती भरली. पांढरीशुभ्र, दोन्ही टोकांना वर वळलेली, पहिल्या काळीपेक्षाही रुबाबदार. रंगवायचा विषय त्यांनी काढला नाही. "झाली," अण्णांनी निकाल दिला आणि पुढे आंबे येऊन गेले, फणस येऊन गेले, तरी झोपाळ्यावर तसेच ठणठणीत बसून. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मिशी झाली म्हणून काय धावत सुटू?"

गेले ते सकाळीच. भाऊंनी दाढी केली, तुरटी फिरवली. अण्णांनी हाताची मागची बाजू गालावरून उलटी फिरवली. "जा," म्हणाले. भाऊ ब्रश धुवायला मागच्या दारी गेले. परत आले तेव्हा झोपाळा अगदी थोडा हलत होता, आणि तो अण्णा हलवत नव्हते.

दहाव्याला आम्ही समुद्रावर गेलो. न्हाव्याने भाऊंचं डोकं केलं आणि मिशीकडे हात नेला, तर भाऊंनी तो अडवला. पंच्यातून मगर काढली. नवं पातं घातलेलं. ते त्यांनी सालीतून ओढलं होतं की नाही, मी विचारलं नाही. आरसा नव्हता. वारा सुटलेला, फेस टिकत नव्हता. भाऊंनी डोळे मिटले, ओठ ताणला आणि कानांनी मिशी काढली. एक थेंब रक्त नाही. आणि त्या सबंध वेळात त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. वरच्या ओठावरचं ते मौन त्यांनी पाळलेलं मी तेव्हा पाहिलं.

समाचाराला सगळं गाव येऊन गेलं. अण्णांना हवं होतं तसं सगळ्यांनी पाहिलं. राहिली एकटी आक्का. ती गुडघ्यांच्या औषधासाठी तळा गावी लेकीकडे गेलेली. तिला कळवायचं कोणी, कसं, या घोळात दिवस गेले. लेक म्हणाली, आईचं ब्लडप्रेशर वाढेल, घरी आल्यावर तुम्हीच सांगा.

ती आली त्या सकाळी मी भाऊंकडेच होतो. भाऊ फाटकाशी उभे. उन्हासाठी डोक्याला पंचा गुंडाळलेला, त्यामुळे डोकं दिसत नव्हतं, फक्त कोरा ओठ दिसत होता. ओटीवर झोपाळ्याची फळी काढून भिंतीला टेकवलेली. इतक्या दिवसांत भाऊ कोणापुढे रडले नव्हते, हसायचा तर प्रश्नच नव्हता. रिक्षा थांबली. पिशव्या सावरत आक्का उतरली. आता हिला सांगायचं कसं म्हणून मी घसा खाकरला, वहिनी दारात येऊन थबकल्या, भाऊंनी तोंड उघडलं.

पुढे काय झालं ते आधी सांगतो, कारण शेवटचा शब्द आक्काचा आहे. भाऊ हसले. आधी नाकातून, मग पोट धरून, फाटकाला टेकून, पंचा सुटेपर्यंत. आणि पंचा सुटला तसं आक्काला डोकं दिसलं, तिच्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या, आणि मग दोघंही तिथेच फाटकात एकमेकांना धरून रडले, अण्णांना हवं होतं तस्सं. पण त्याआधी, रिक्षातून उतरता उतरता, भाऊंच्या ओठाकडे डोळे वटारून ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती :

"पुन्हा हात घसरला काय रे, मेल्या?"